पाळी नव्हे, वार

८ मार्च, रविवार

आज सकाळी रेल्वे लाइनीच्या अलीकडच्या आमच्या तीन वॉर्डांना स्वातंत्र्य मिळालं म्हणे. मी चहा गाळत होते, मला कळलंच नाही.

प्रेमराजभाऊ केळीचे व्यापारी. पक्षाने नगरपालिकेचं तिकीट दिलं नाही म्हणून बंडखोर म्हणून उभे राहिले आणि आणखी दोघांना घेऊन निवडून आले. पालिका मात्र त्याच पक्षाच्या हातात गेली. तेव्हापासून आम्हाला शिक्षा चालू आहे. पलीकडच्या गावाला पाचव्या दिवशी पाणी, आम्हाला बाराव्या. आज भाऊंनी शंभरेक माणसं नेऊन पाण्याच्या टाकीचं कुलूप तोडलं आणि स्वतःचं लावलं. "आजपासून लाइनीच्या अलीकडे पालिकेची सत्ता संपली," असं भाषण केलं.

शाळेत आम्हाला बंडखोर म्हणजे घोडा, तलवार, डोंगर असं शिकवलं होतं. इथे तिकीट न मिळालेला माणूस म्हणजे बंडखोर. आणि राज्य कसलं घेतलं, तर कुलपाचं.

आमचे हेही गेले होते. दीपनगरच्या वीज केंद्रात जन्मभर फिटर होते, पण घरातला गळका नळ तीन वर्षं तसाच आहे.

१२ मार्च, गुरुवार

खोटं लिहू नये. आज चौथ्या दिवशी पाणी आलं. चिंधा शिटी वाजवत गल्लीतून गेला, "भरी ल्या व माय, बठ्ठं भरी ल्या!" हा चिंधा पालिकेचाच रोजंदारीवरचा माणूस. गळ्यात पिवळा रुमाल बांधला की झाला बंडखोर. पगार अजून पालिकेकडूनच घेतो. मी विचारलं, तर म्हणतो, "अक्का, माले जे सांगतस ते मी करस."

टाकी पालिकेची, पाइप पालिकेचे, पंपाचं वीजबिल पालिका भरते, पाणी तापीमाईचं. बंडखोरांची फक्त शिटी.

पण आज शोभा झाली ती निराळीच. ज्यांच्या घरी नळ नाही त्यांच्यासाठी सार्वजनिक नळ आहे, तिथे भांडणं नकोत म्हणून 'जनता पाणी संघर्श समिती'ने (संघर्ष असाच लिहिलाय) फलक लावला: "ज्या बाईची पाळी असेल तिनेच नळावर यावे. पाळी नसताना आल्यास कडक कारवाई होईल."

बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. भागाबाई म्हणाली, "माझं तर कायमचं बंद झालं गं माय! मला दहा वर्षं झाली!" धाकट्या पोरी विचारतात, कारवाई करणार म्हणजे तपासणार कोण? चिंधा?

आणि फलक लावला कुठे, तर मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर. ब्रह्मचारी देव तो. मी हात जोडून क्षमा मागितली, समितीच्या वतीने.

१४ मार्च, शनिवार

देवाचा अपमान डोळ्यांनी रोज कसा बघायचा? शेवटी गेलेच प्रेमराजभाऊंच्या केळीच्या वखारीत. तिथेच बंडखोरांचं मंत्रालय आहे.

म्हटलं, "भाऊ, फलकावरचा तो शब्द बदला."

"कोणता शब्द, वहिनी?"

"तोच."

"तोच कोणता?"

दहा गडी बसलेले. तोंडाने म्हणणार कसं? टेबलावरचा खडू घेतला आणि वखारीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: पाळी नव्हे, वार. भाऊंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांचे कान केळफुलासारखे लाल झाले. बाकीचे दहाही जण बाहेर ट्रक बघायला गेले.

जरा वेळाने म्हणाले, "वहिनी, अक्षर काय सुंदर आहे तुमचं."

मॅट्रिक आहे मी, त्या काळची. सांगितलंही तसं. तर म्हणाले, यापुढे प्रत्येक फलक तुमच्या नजरेखालून जाईल. मी स्पष्ट सांगून टाकलं, "मी फक्त शुद्धलेखन बघणार. तुमच्या बंडाशी माझा संबंध नाही."

येताना कोथिंबीर दहाची घेतली. जुडी पोकळ निघाली.

२९ मार्च, रविवार

पंधरा दिवसांत राज्य फार वाढलं. कचऱ्याला भाऊंचा स्वतःचा ट्रॅक्टर येतो, केळीच्या पानांचा वास घेऊन. खांबावर दिवे लागले. रहिवासी दाखला द्यायला सुरुवात केली, गोल शिक्का मारून. भागाबाईच्या नातवाने तो बँकेत नेला, तर साहेबाने विचारलं, हा शिक्का कोणत्या गणपती मंडळाचा? दर रविवारी मारुतीच्या ओट्यावर बैठक भरते, भांडणं मिटवायला. आज मगनच्या बकरीने शेजाऱ्याची मेथी खाल्ली त्याचा निकाल लागला. कोर्टात गेले असते तर बकरी म्हातारी होऊन मेली असती. इथे चहा गार व्हायच्या आत निकाल. हे मात्र खरं.

कागद वाचायला कोणी तरी लागतं म्हणून मलाही बसवतात. मला हाताची खुर्ची देतात, बाकीच्यांना बिनहाताच्या. मी मागितली नव्हती.

आज नवा फलक लिहिला: "पालिकेला पाणीपट्टी भरू नये. समितीला निम्मी द्यावी." पालिकेची सत्ता नको म्हणून बंड केलं आणि पहिलं काम पट्टी गोळा करायचं. व्याकरणात चूक नव्हती, म्हणून मी काही बोलले नाही.

३१ मार्च, मंगळवार

आमच्या भिंतीला भिंत लागून हबीबभाई टेलरचं घर. दर वर्षी मार्चअखेर सायकलवर टांग टाकून पालिकेत पट्टी भरून येतात. यंदाही भरली. त्यांच्या मुलाच्या, दानिशच्या, दुकानाच्या परवान्याला थकबाकी नसल्याचा दाखला लागतो.

आमचीही भरली. आमची दर वर्षी तेच भरतात. त्यांची सायकल जातेच, माझं रिक्षाचं वाचतं. समितीची निम्मी आमचे हे देऊन आले. देवळात दोन देव असले तर दोघांनाही फूल वाहतोच ना आपण. त्यात काय.

अमिनाबी, म्हणजे त्यांची बायको, भिंतीवरून सांगत होती, शाझियाचं लग्न दहा मेला ठरलं. दारातच मांडव, पाचशे माणूस. "पानी मिलता रहे बस, बेबा." म्हटलं, चौथ्या दिवशी येतंच आहे आता.

५ एप्रिल, रविवार

हबीबभाईंनी पट्टी भरल्याचं समितीला कळलं. कोणी तरी पालिकेतूनच सांगितलं म्हणे. म्हणजे ज्यांच्याशी लढाई, त्यांच्याशीच फोनवर गप्पा.

बैठकीत बोलावलं. प्रेमराजभाऊंनी विचारलं, "तुमच्याबरोबर आणखी कोणी भरली?"

हबीबभाई माझ्याकडे बघत नव्हते, ओट्याकडे बघत होते. म्हणाले, "मैं अकेला गया था, भाऊ."

खोटं नाही बोलले. गेले एकटेच होते.

निकाल झाला: नळ बंद. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या ह्यांनीही, जरा जास्तच. आदेश मी लिहिला. भाऊ म्हणाले, खाली नाव पाहिजे कोणाचं तरी, नाहीतर आदेश वाटत नाही. ते स्वतः नगरसेवक, त्यांना कायद्याची अडचण. समितीतल्या एकाची सरकारी नोकरी, दुसऱ्याचं मतदान भलत्याच वॉर्डात. चिंधाचा अंगठा. मग मीच लिहिलं: सौ. बेबाबाई चुडामण झांबरे. नाव सुबक आलं. इतकी वर्षं फक्त किराण्याच्या वहीवर लिहीत आले.

तोडणार-बिडणार काही नाहीत. धाक दाखवायला असतं.

७ एप्रिल, मंगळवार

तोडलं. चिंधाने गल्लीत खड्डा करून पाइप कापला आणि तोंडाला लाकडाची खुंटी ठोकली. अमिनाबी दारात उभी होती. मी खिडकी लावून घेतली. धूळ येत होती.

१० एप्रिल, शुक्रवार

आज आमच्या नळाला काय धार! मोटर न लावता गच्चीवरच्या टाकीत पाणी चढलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, असं कधी पाहिलं नाही. मी धरलेले गुरुवार फळाला आले. दत्तगुरूंची कृपा. संध्याकाळी नारळ वाढवला. मोटरची वीज वाचली त्यात नारळ निघून गेला.

१९ एप्रिल, रविवार. आखाजी (अक्षय्य तृतीया)

ऋतिका धरणगावहून माहेरी आली. तिच्याकडे पाणी येतं, पण जावयांना लाज येत नाही. चार दिवसांचे कपडे इथे धुवायला पाठवले. पितरांची घागर भरली, पूजा केली, पुरणपोळी झाली. घागरीवर ठेवायचं डांगर, म्हणजे खरबूज, दर वर्षी अमिनाबीच्या भावाच्या नदीतल्या वाडीतलं येतं. यंदा आलं नाही. बाजारातून आणलं, ते आतून पांढरं निघालं. पितरांना काय सांगणार?

दुपारी बघते तर ऋतिका दोन हंडे भरून शेजारच्या दाराकडे निघालेली.

"कुठे?"

"मावशीकडे. आई, त्यांच्याकडे पाणीच नाहीये."

"टँकर येतो त्यांच्याकडे."

"टँकर आठवड्यातून एकदा येतो. मावशीचे हात बघितलेस का? पलीकडच्या विहिरीवरून आणतात."

म्हटलं, ठेव ते हंडे. मला पाण्याचं दुखत नव्हतं. पण बंदीचा आदेश माझ्या हातचा, आणि माझ्याच घरातून पाणी गेलं तर लोक काय म्हणतील?

तर पोरगी म्हणते, "आई, तू बंडखोर झालीस का?"

"मी? मी फक्त शुद्धलेखन बघते."

तिने हंडे ठेवले नाहीत. देऊन आली. सासरी गेलं की मुलींना जीभ फुटते.

२६ एप्रिल, रविवार

अमिनाबी स्वतः बैठकीत आली. डोक्यावरून पदर, हातात पट्टीची पावती. सगळे ओट्यावर सरकून बसले.

मला म्हणाली, "बेबा, हिंदी में बोलूं के मराठी में? आर्डर तो मराठी में निकाली तूने."

भाऊ म्हणाले, "चाची, माफीनामा द्या, उद्या नळ जोडून देतो."

"माफी किस बात की? पट्टी भरी, चोरी नहीं की."

आता हिला सोडवायचं म्हणून मीच तोडगा काढला. म्हटलं, माफी नको, नुसतं 'पट्टी चुकीने भरली गेली' एवढं लिहू. मी लिहून देते. भाऊंना पटलं. दोन-तीन जण म्हणाले, वा वहिनी.

अमिनाबी हसली. "ग़लती से सही काम किया, ऐसा लिखवाएगी मुझसे? पट्टी का हिसाब खोलूं क्या यहां, बेबा?" मग म्हणाली, "जाने दे. नल मेरा बंद हुआ, धार तेरी मोटी हुई. इतना तो पाइप को भी समझता है."

आणि निघून गेली.

उपकाराची जाणीवच नाही लोकांना. रात्री जेवण गेलं नाही; हरभऱ्याची डाळ बाधली असावी. पाइपाचं ते बोलणं डोक्यातून जात नाही. मी ह्यांना विचारलं, एका लायनीवर दोन नळ असले आणि एक बंद केला तर दुसऱ्याची धार वाढते का? हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "वाढणारच."

फिटर माणूस. सतरा दिवस गप्प बसला आणि मला नारळ वाढवू दिला.

१ मे, शुक्रवार

क्रांती संपली.

प्रेमराजभाऊंची घरवापसी झाली. जळगावला मोठ्या नेत्यांनी शाल घातली, पेढे भरवले, आणि पालिकेत त्यांना पाणीपुरवठा सभापती केलं. टाकीवरचं स्वतःचं कुलूप स्वतःच काढलं आणि पालिकेचं लावलं. फोटोही काढला. चिंधाचा पिवळा रुमाल दुपारी सायकल पुसत होता. ट्रॅक्टर केळी भरायला गेला. रविवारची बैठक नाही, माझी हाताची खुर्ची वखारीत परत गेली, तिच्यावर आता वजनकाट्याचा मुनीम बसतो.

मारुतीच्या भिंतीवर फलक तेवढे राहिले. शुद्ध आहेत, म्हणून कोणी पुसले नसतील.

५ मे, मंगळवार

लग्नाला पाच दिवस. बाकी सगळ्यांचे नळ चालू, हबीबभाईंच्या पाइपात खुंटी तशीच. हबीबभाई पालिकेत गेले. कारकून म्हणाला, "पालिकेने तोडलेलं नाही, म्हणून पालिका जोडू शकत नाही. ज्याने तोडलं त्याचा आदेश रद्द केल्याचा कागद आणा." स्वतः जोडून घेतो म्हटलं, तर म्हणाला, विनापरवाना जोडणी, गुन्हा दाखल होईल. तोडताना कोणाला परवाना लागला नाही.

मग प्रेमराजभाऊंकडे गेले. सभापती म्हणाले, "कोणती समिती? मी कुठे सही केली आहे का?"

नाही केली. खरंच नाही केली. ज्याने भाषण केलं त्याची नाही, ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांची नाही. तीन नगरसेवक, शंभर माणसं, एक शिटी. आणि कागदावर एकटी मी.

६ मे, बुधवार

सकाळी अमिनाबी आली. बसली नाही.

"तूने लिखा था. तू ही मिटा."

हे आतून लगेच आले. म्हणाले, "सही करू नको. केलीस तर नळ तोडल्याचा गुन्हा तुझ्या नावावर. भाऊंचा फोन आला होता, म्हणाले, वहिनींना सांगा, अक्षर कोणाचंही असू शकतं म्हणा."

अक्षर कोणाचंही असू शकतं! गावात या अक्षराची दुसरी बाई दाखवा म्हणावं. 'संघर्ष' लिहिता येत नाही त्यांना आणि माझ्या अक्षराला कोणाचंही म्हणतात. त्या एका वाक्याने मला जो संताप आला तो आदेश लिहिताना आला असता तर बरं झालं असतं.

नुसतं एवढंच होतं असंही नाही. अमिनाबीच्या हातांकडे लक्ष गेलं. ऋतिका म्हणाली होती ते. दोरीने तळवे सोललेले. मुलीच्या लग्नात या हातांनी मेंदी कशी लावणार?

मी साडी बदलली आणि तिच्याबरोबर पालिकेत गेले. रिक्षाने. पैसे मी दिले.

कारकुनासमोर लिहिलं: "हबीबभाई टेलर यांचा नळ बंद करण्याचा आदेश मी लिहिला होता. तो मी रद्द करते." खाली पूर्ण नाव.

कारकुनाने विचारलं, "कोणत्या अधिकारात?"

म्हटलं, "ज्या अधिकारात लिहिला त्याच."

तो हसला, शिक्का मारला. बाहेर आल्यावर अमिनाबी पुढे चालू लागली. रिक्षात मध्ये पिशवी ठेवून बसली.

१० मे, रविवार

शुक्रवारी चिंधाने नळ जोडला. आज शाझियाचं लग्न झालं. दारात मांडव, पाण्याची पिंपं काठोकाठ. भुसावळचे आचारी, आवाज असा की जणू लढाई. मी आहेर दिला, जेवले नाही, कारण माझं सोवळं. अमिनाबीला ते माहीत आहे, तिने आग्रह केला नाही. मेंदी मात्र लावली होती तिने. सोललेल्या जागी रंग गडद चढला होता.

आमची धार पुन्हा करंगळीएवढी झाली. मोटर लावते.

१९ मे, मंगळवार

अधिक महिना लागला. जावयाला वाण द्यायचं, तुपाचा भाव विचारूच नये.

दुपारी चिंधा खाकी घालून दारात. मान खाली. "अक्का, पोचनी सही दी द्या."

पालिकेची नोटीस. "सौ. बेबाबाई चुडामण झांबरे, बंडखोर गटाच्या पदाधिकारी. आपण बेकायदेशीरपणे नळजोडणी खंडित केल्याचे आपण लेखी कबूल केले आहे. आपणावर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा." खाली पाणीपुरवठा सभापती म्हणून प्रेमराजभाऊंची सही. सही येते त्यांना. आज कळलं.

म्हणजे इतक्या मोठ्या बंडात सरकारी कागदावर बंडखोर सापडली ती एकटी मी. उपास करणारी, पट्टी वेळेवर भरणारी, फक्त शुद्धलेखन बघणारी.

भागाबाई गेले दोन दिवस माझ्या दारावरून न जाता मागच्या बोळाने का जाते, ते आता कळलं. तिच्या नातवाचं पालिकेत काम अडलंय.

संध्याकाळी अमिनाबीने भिंतीवरून हाक मारली. "बेबा, नोटीस आई क्या तुझे?"

"आली."

"जाते वक्त बोल. मैं भी आती. साथ में पट्टी की पावती लाती, दोनों घर की."

"आपल्या दोन्ही घरांची कशाला?"

"लोगों को मालूम तो पड़े, बंडखोर बाई कितनी सीधी है."

टोमणा की मदत, मला ठरवता आलं नाही. तिलाही ठरवायचं नसावं. पण 'नको' म्हणाले नाही.

आत्ता खुलासा लिहायला बसले आहे. हे पाठीमागे उभे. म्हणतात, लिही की मला दबाव टाकून लिहायला लावलं, बाईमाणूस आहे, सोडून देतील. माझ्यावर कोणी दबाव टाकला नाही. मला हाताची खुर्ची दिली होती.

लिहिलं: प्रेमराजभाऊंनी सांगितलं, मी लिहिलं, चिंधाने तोडलं, बाकी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हे म्हणाले, "टाळ्यांचं कशाला घालतेस त्यात?"

मी खाली टाळ्या वाजवणाऱ्यांची नावं लिहायला घेतली. पहिलं नाव लिहिलं आणि कागद त्यांच्याकडे फिरवून विचारलं, "चुडामणमधला 'चु' ऱ्हस्व ना?"